थांबल्यावर लागणारं सामान

(दृश्य : टेबलावर पसरलेलं सामान. शेजारी रिकामी सॅक.)

क्रॉसकंट्री स्कीइंगमध्ये वर नेऊन सोडणारी लिफ्ट नसते. सपाटी असो की चढ, बर्फातून स्वतःच्याच दमावर पुढे सरकायचं. बूट फक्त पुढच्या टोकाला स्कीत अडकतो, टाच मोकळी राहते. म्हणून पाऊल टाकता येतं, मागे रेटा देता येतो. पाय, पाठ, दंड, पोट, सगळेच राबतात. उणे दहा अंशांतही बघता बघता पाठ ओली होते.

सॅक भरताना खरा विचार करायचा तो या घामाचा.

चालता माणूस सहसा गारठत नाही. गारठतो तो थांबल्यावर. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे भिजलेला कपडा अंगाला चिकटला की पाच मिनिटांच्या विश्रांतीतही हुडहुडी भरते. म्हणून सुती बनियन आणि सुती मोजे घरीच राहू द्या. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, आणि बस्स. निघताना किंचित थंडी वाजायलाच हवी. दारातच छान उबदार वाटत असेल, तर एक कपडा जास्त झालाय.

मग ते जाडजूड, पिसं भरलेलं जॅकेट? ते सॅकमध्ये, सगळ्यांत वर. थांबलात की आधी जॅकेट चढवायचं, डबा नंतर उघडायचा. त्याच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा थर्मल, हातमोज्यांचा दुसरा जोड आणि कोरडी टोपी. बसायला फोमचा तुकडा. वजन नगण्य, पण बर्फावर टेकलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा.

(दृश्य : स्कीचा तळ, अगदी जवळून.)

आता स्कीकडे. क्लासिक पद्धतीची, म्हणजे दोन्ही पाय समांतर ठेवून चालल्यासारखं सरकायची, स्की मधोमध किंचित कमानदार असते. दोन्ही पायांवर भार विभागलेला असताना मधला भाग बर्फावर दाबला जात नाही, स्की घसरत राहते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते आणि तो भाग बर्फ पकडतो. ही पकड देणारं वॅक्स तापमानाप्रमाणे निवडतात : कडक थंडीला हिरवं, त्याहून सौम्य हवेला निळं, शून्याच्या आसपास लाल. नेमके अंश डबीवर छापलेले असतात आणि ते कंपनीनुसार बदलतात. वॅक्स फार कडक झालं तर पाय मागे निसटतो, फार मऊ झालं तर स्कीखाली बर्फाचे गोळे जमतात. सकाळची हवा दुपारी टिकत नाही, म्हणून आजच्या वॅक्सखेरीज एक जास्त मऊ डबी, घासायला कॉर्क आणि खरवडायला स्क्रेपर सोबत हवा. शंका असेल तर कडकापासून सुरुवात करा. कडकावर मऊ चढतं, मऊवर कडक नीट बसत नाही.

वितळून पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर मात्र डबीतलं वॅक्स टिकत नाही. तिथे ट्यूबमधलं चिकट क्लिस्टर लागतं. १९१३ मध्ये नॉर्वेच्या पेटर ओस्टबी यांनी त्याचं पेटंट घेतलं. काम चोख करतं, पण एकदा सॅकमध्ये गळलं की जॅकेटपासून नकाशापर्यंत सगळ्यांना लागतं. वेगळ्या पिशवीत, गच्च गाठ मारून ठेवा. तळाला खवल्यांची नक्षी किंवा मोहेअरची (अंगोरा शेळीच्या केसांची) पट्टी असलेली स्की घेतलीत, तर ही बरीचशी कटकट वाचते. नवख्यानं तीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत.

बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) एकाच पद्धतीचे आहेत ना, हे घरीच पाय अडकवून बघा. सगळे बूट सगळ्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत.

(दृश्य : थर्मासमधून वाफ. मग उलटी ठेवलेली बाटली.)

पाणी वरून गोठायला लागतं, म्हणून बाटली उलटी ठेवतात. तोंडाशी पाणी राहतं, बर्फ तळाकडे. नळीने पाणी प्यायची पिशवी टाळा, आधी नळीच गोठते. एक थर्मास गरम पेयाचा. खाऊचे घरीच छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. गोठलेला चॉकलेट बार दातांची परीक्षा पाहतो. मोबाइलही तिथेच, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही गॉगल लागतो, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेलाही.

बाइंडिंग तुटलं तर? खोल बर्फात स्कीशिवाय माणूस गुडघाभर रुततो आणि तासाभराच्या वाटेवर संध्याकाळ होते. पोलभोवती, म्हणजे हातातल्या काठीभोवती, गुंडाळलेली डक्ट टेप, थोडी तार, स्क्रू-ड्रायव्हर, पोलच्या टोकाची जादा चकती आणि हेडटॉर्च एवढ्यावर बरंच निभावतं.

आखलेली वाट सोडून डोंगरात जाणार असाल, तर हिशेब बदलतो. तीस अंशांहून तीव्र उतारावर किंवा त्याच्या पायथ्याशी हिमस्खलनाचा धोका असतो. तिथे प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवा, आणि तो वापरायचा सरावही. ट्रान्सीव्हर सॅकमध्ये नाही, अंगावर, सुरू करूनच निघायचं.

सॅक लहानच घ्या, वीसेक लिटरची, कमरेला पट्टा असलेली. गाडीची किल्ली चेनच्या खिशात. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे मागे राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या. गाडीत कोरडे मोजे ठेवलेत ना?