तारेवरचा चास

(सकाळ. कुळवून ठेवलेलं काळं रान. विजेची तार. तारेवर एकच पक्षी.)

दसऱ्याची सकाळ. सोलापूर जिल्हा, भीमेचं खोरं. रानात अजून ओल आहे, उन्हं पिवळी आहेत, आणि तारेवर एक पक्षी मान आखडून बसलाय. पारव्यापेक्षा लहान, मातकट. असा बसलेला असला की जाणारा-येणारा त्याच्याकडं मान वर करूनही बघत नाही.

आता बघा.

(पक्षी झेप घेतो. मंद गती. इथे संगीत नको.)

गडद निळा पट्टा, त्याला लागून आकाशी, मग पुन्हा गडद. पुस्तकात ह्याचं नाव नीलपंख. कुणी नीलकंठ म्हणतं. जुनी माणसं चास म्हणतात, संस्कृतातला चाष तो हाच. दसऱ्याला शिलंगणाला निघताना चास दिसला तर वर्ष चांगलं जातं, असं मानणारी घरं अजून आहेत. त्या दिवशी माणसं आपट्याची पानं हातात घेऊन तारा न्याहाळत चालायची.

ह्या निळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. चासाच्या पिसात निळा रंग भरलेलाच नसतो. पीस कुटून भुगा केलात तर हाताला तपकिरी पूड लागेल. पिसाच्या आतली सूक्ष्म रचना उजेडाला अशी विखरते की आपल्या डोळ्यांपर्यंत फक्त निळं पोचतं. १९३०च्या दशकात सर सी. व्ही. रामन यांनी पक्ष्यांच्या रंगांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी भिंगाखाली धरलेली पिसं चासाचीच होती. आपल्या बांधावरच्या पाखराची.

(तिफण. चाड्यावर बाईचा हात. बैलांच्या पायांतून कॅमेरा.)

दसऱ्याच्या आगेमागे इथे रब्बी ज्वारीची पेरणी चालते. हे चित्र आता फार ठिकाणी मिळत नाही, म्हणून आम्ही ते जरा सावकाश दाखवतोय. तिफणीला तीन फण, तीन नळे, वर बी सोडायचं लाकडी चाडं. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात बघा. बोटांच्या फटीतून दाणा सारख्या धारेनं सुटला पाहिजे. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, मोकळं जातं. हे कुठं शिकवत नाहीत. आईच्या मागे तासातून चालत चालतच ते हातात येतं.

आणि तिफणीच्या मागे बघा कोण कोण आलंय. बगळे, साळुंक्या, कोतवाल. फणानं माती उलटली की अळ्या, भुंगेरे, रातकिडे उघड्यावर येतात. चासाची रीत मात्र जरा वेगळी. तो तारेवरून, बाभळीच्या शेंड्यावरून, मोटेच्या जुन्या खांबावरून खालच्या मोकळ्या जमिनीवर नजर लावून बसतो. काही हललं की सरळ खाली. किडा चोचीत धरून पुन्हा त्याच जागी. मग किडा फांदीवर आपटतो, एकदा, दोनदा, तीनदा, आणि गिळतो.

त्याच्या खाण्यात निम्म्याच्या आसपास भुंगेरे असतात, त्याखालोखाल नाकतोडे आणि रातकिडे. जोडीला सरडा, बेडूक, एखादं उंदराचं पिल्लू. दाण्याला तो शिवत नाही.

(माघ. उभी ज्वारी. मचाण. आजीच्या हातात गोफण.)

म्हणून ही गोफण त्याच्यासाठी कधीच फिरली नाही. कणसात दाणा भरला की राखण सुरू होते. दिवस उगवायच्या आत मचाणावर चढायचं आणि उन्हं तापेपर्यंत ओरडायचं. भोरड्यांचा थवा उतरला तर वाफाच्या वाफा मोकळा होतो, शिवाय चिमण्या, सुगरणी. आजींचं वय सत्तरीच्या पुढं आहे. दगड कुठं पडतो ते बघा. थव्याच्या कडेला पडतो, मध्ये नाही. पाखरू उठवायचं असतं, मारायचं नसतं.

मचाणाच्या कोपऱ्यावर चास येऊन बसायचा, असं आजी सांगतात. ह्या माघात आम्ही त्या मचाणाजवळ अकरा सकाळी कॅमेरा लावून बसलो. तो आला नाही.

(तारा. रिकाम्या तारा. चालत्या गाडीतून.)

देशभरातल्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल निघाला. ९४२ जातींचा त्यात विचार झाला. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या २०४ कमी झालेल्या आढळल्या. मोकळ्या माळावर, शेतात, गवतात राहणाऱ्यांना मोठा फटका बसलाय. मोर वाढलेत, पारवे वाढलेत, कोकिळा वाढल्यात. आणि गावोगावी तारेवर दिसणारा चास इतका घटलाय की धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीतला त्याचा दर्जा नव्यानं तपासा, अशी शिफारस त्या अहवालानं केली.

कारण एकच आहे असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण ह्या शिवारात फिरलं की काही गोष्टी डोळ्यांनाच दिसतात.

(ड्रोन. उसाचा हिरवा पट्टा क्षितिजापर्यंत. मध्ये ज्वारीचा एक तुकडा.)

हा ऊस. १९८० साली उजनी धरण झालं, कालवे आले आणि कोरडवाहू रानांना पाणी लागलं. त्या पाण्यानं घरं उभी केली, पोरं शिकवली. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसाला उसापासून लांब राहा असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. पण वरून बघा. हरभरा, करडई, ज्वारीच्या रानात वर्षातले कितीतरी महिने जमीन उघडी असायची. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, माणसाच्या डोक्यावरून जातो. तारेवर बसलेल्या चासाला त्यातून मातीच दिसत नाही. किडे असतील, पण ते पाचटाखाली.

(बांध. यंत्राचा पंजा. बाभूळ आडवी होते.)

हा बांध. पूर्वी ह्यावरून बैलगाडी जायची. बोरी, बाभळी, तरवड, कुसळी गवत, सगळं त्याच्यावर. वाटण्या झाल्या, रानं तुकड्यातुकड्यांनी भावांत गेली, आणि बांध दर वर्षी एकेक तास आत सरकला. आता तो पाऊलभर उरलाय, आणि उरलाय तेवढ्यावर तणनाशक मारलं जातं. रान स्वच्छ दिसतं. नाकतोडा अंडी घालतो ती जागा हीच होती.

(फवारणी पंप. धुकं.)

आणि औषधं. हुमणीसाठी वर्षानुवर्षं जमिनीत टाकलेलं फोरेट २०२०च्या अखेरीस बंद झालं. त्याआधी किती टाकलं गेलं, ते ह्या मातीलाच ठाऊक. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, आणि भुंगेरा हे चासाचं मुख्य अन्न. किडा मेला तर पाखरू उपाशी. अर्धमेला किडा खाल्ला तर विष पाखराच्या पोटात. बियाण्याला आता पेरणीआधीच कीटकनाशक चोळलेलं असतं.

सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तरी माळढोक जवळजवळ राहिलाच नाही. चास, चंडोल, धाविक यांच्यासाठी तर कुठलीच हद्द आखलेली नाही. ते आपल्याच सातबाऱ्यावर जगतात. ते गेले तर किडीचा हिशेब शेतकऱ्याच्या खर्चात चढतो, एवढं नक्की.

(चैत्र. दुपार. रस्त्याकडेचा जुना लिंब. वर आभाळ.)

शेवटी तो आम्हाला इथे सापडला. पंढरपूरच्या वाटेवर, एका जुन्या लिंबाजवळ.

वर बघा. उंच चढतो, पंख मिटल्यासारखा खाली कोसळतो, आणि पडता पडता ह्या कुशीवरून त्या कुशीवर लोळतो. सोबत तो घोगरा, कर्कश आवाज. मादीला दाखवायचा हा खेळ चैत्र-वैशाखात चालतो. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे कोण कुणाला दाखवतंय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

ह्या पक्ष्याला स्वतः भोक कोरता येत नाही. सुतारपक्ष्यानं सोडलेली ढोली, फांदी मोडून कुजलेली पोकळी, हेच त्याचं घर. त्यासाठी झाड म्हातारं असावं लागतं. कोवळ्या झाडाला ढोली नसते. रस्ते चौपदरी होताना तोडलेल्या एका वडाच्या बदल्यात दहा रोपं लावली, तरी त्यांतल्या एकात चास घर करायला कित्येक वर्षं जातील.

(ढोली. जवळून. पिलांचा आवाज. नैसर्गिक ध्वनी चालू राहू द्या.)

पिलं आहेत. किती, ते दिसत नाही. आईबाप दोघं आळीपाळीनं येतात. आता आलेल्याच्या चोचीत नाकतोडा आहे. मागच्या खेपेला भुंगेरा होता. पलीकडं ज्वारीची कापणी झालेली दोन एकरं आहेत, तिथून आणतात.

(कॅमेरा हळूहळू खाली, खोडावरून. लाल रंगात टाकलेला आकडा: ४७.)

रस्ता रुंद करण्यासाठी मोजलेली ही झाडं. अलीकडच्या खोडावर ४६ आहे, पलीकडच्यावर ४८.

(पुन्हा ढोली. पक्षी आत जातो. पिलांचा आवाज वाढतो. चित्र तसंच धरून ठेवा.)