फेब्रुवारीतले गाव

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या गावाची लोकसंख्या विचारली की आपण जनगणनेतला आकडा सांगून मोकळे होतो. परंतु बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत, ‘कोणत्या महिन्यातली?’ असा उलट प्रश्न कोणी केला, तर तो रास्तच ठरेल. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरतात, म्हणजे मजुरीच्या हिशेबात बाईची वेगळी मोजणीच नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, गावात राहतात ती म्हातारी माणसे, त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले आणि ओळीने कुलूप लागलेली दारे.

2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद गावात न करता तो जिथे आढळेल तिथे करावी, असा नियम होता. एकाच माणसाची दोनदा गणती होऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र ग्रामपंचायतीत 7 सदस्य असावेत की 17, आरोग्य उपकेंद्र मिळावे की नाही, हे ज्या आकड्यावरून ठरते, तो ऐन ऊसतोडीच्या हंगामात घेतलेला असतो. पावसाळ्यात त्याच गावात पाणी भरायला, दवाखान्यात रांग लावायला कितीतरी अधिक माणसे असतात.

कोकणातील चित्र याहून निराळे आहे. तेथे पुरुष एकटा मुंबईला गेला आणि बाई घर सांभाळत राहिली, म्हणून 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. बीडमध्ये जोडपेच गाव सोडते. या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली आढळल्या. त्याचे कारण स्थलांतर नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

आता गावाच्या सामाजिक घडणीकडे वळू. महसुली गाव एक असले, तरी त्यात गावठाण, वस्त्या, बौद्ध वस्ती आणि बंजारा तांडा असे वेगवेगळे भाग असतात. सर्व जातींची गणना होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे 1931 च्या जनगणनेत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांनी अनुसूचित जाती आणि जमाती एवढेच दोन रकाने ठेवले. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, तर वंजारी आणि धनगर भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे तांड्यावरचा ऊसतोड मजूर, वंजारी शेतकरी, धनगर मेंढपाळ आणि मराठा पाटील हे सारे जनगणनेच्या तक्त्यात ‘उरलेले’ म्हणून एकाच ढिगात पडतात. बारा बलुतेदारांची नावे पाठ असणाऱ्या आपल्या समाजाला गावात कोण किती आहेत, हे अंदाजानेच सांगावे लागते, ही गंमतच म्हणायची.

येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे आणि तिची संदर्भतिथी 1 मार्च 2027 ठरली आहे. म्हणजे त्या तारखेआधीची प्रत्यक्ष गणती पुन्हा फेब्रुवारीतच आली. त्या वेळी तांड्यावरच्या पुष्कळ माणसांची जात त्यांच्या गावाऐवजी दूरच्या एखाद्या उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पानांच्या) कोपीत, म्हणजे झोपडीत, नोंदवली जाईल. आणि तीही प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा कर्मचारी, भल्या पहाटे, टोळी फडावर निघण्याआधी, किंवा दिवस बुडाल्यावर तिथे पोचला तरच.