डिझेलचा वास नेमका कुठून? मोटारहोमच्या हीटरची तपासणी

[दृश्य: प्रवाशाच्या सीटखालची पेटी, झाकण काढलेलं. आत काळ्या आवरणातला छोटा हीटर.]

युरोपात दिसणारी बरीचशी मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, फियाट डुकाटोसारख्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. हिवाळ्यात आत ऊब देणारं यंत्र अनेकदा असं सीटखाली बसवलेलं असतं. वेबास्टो आणि एबरश्पेखर ही यातली जुनी जर्मन नावं. त्याच घडणीचे स्वस्त चिनी हीटरही आता सगळीकडे मिळतात. दोन किलोवॉटचा असा हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल जाळतो. रात्रभरात लागतं दीड-दोन लिटर. पण त्यातले चार थेंब भलत्या जागी पडले की अंथरूण-पांघरुणापर्यंत सगळ्याला वास लागतो.

वास आला की पहिला हात पान्याकडे जातो. तो आवरा. आधी कागदावर लिहून काढा: वास कधी येतो? सुरू करताना, चालू असताना, बंद केल्यावर, की हीटर बंद असतानाही? टाकी भरल्यावर वाढतो का? वारा एका बाजूने असतानाच येतो का? या उत्तरांनीच निम्मी शोधाशोध वाचते.

[दृश्य: हीटरची आकृती. निळ्या बाणांनी खोलीची हवा, लाल बाणांनी ज्वलनाची हवा.]

हीटरमध्ये हवेचे दोन मार्ग असतात. निळा मार्ग खोलीतल्या हवेचा: पंखा ती ओढतो, गरम अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून नेतो आणि परत खोलीत सोडतो. लाल मार्ग ज्वलनाचा: गाडीखालून हवा येते, डिझेल जळतं आणि धूर एक्झॉस्टच्या पाइपातून पुन्हा गाडीखालीच जातो. हे दोन मार्ग कुठेही एकमेकांना मिळता कामा नयेत. वास येतो तो दोनच कारणांनी. एक तर लाल मार्गातलं काहीतरी निळ्यात घुसलं आहे, किंवा न जळलेलं डिझेल निळ्या हवेच्या वाटेत सांडलं आहे.

आता नाक काय सांगतं ते पाहा. कच्च्या डिझेलचा वास तेलकट आणि जड असतो, पेट्रोल पंपावर येतो तसा. धुराचा वास उग्र, घशाला लागणारा, डोळे चुरचुरतात. नवा हीटर पहिल्यांदा पूर्ण ताकदीवर चालला की रंग आणि तेल जळल्याचा तिसराच वास येतो. तो खिडक्या उघड्या ठेवून तासाभरात जातो, त्याच्या मागे लागू नका.

धुराचा वास असेल तर त्या रात्री हीटर लावून झोपू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. गाडीत अलार्म असायलाच हवा, ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचा. तो वाहनं आणि बोटींसाठी आहे. पण अलार्म गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका. हवेत ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) वायू असेल तर या मानकाचा अलार्म ६० ते ९० मिनिटांनी वाजतो. शोध घेताना आकडा दाखवणारं मीटर हवं.

[दृश्य: कंट्रोलरवर फक्त पंख्याचं चिन्ह.]

पहिली चाचणी फुकटातली. बहुतेक हीटरमध्ये नुसता पंखा चालवायची सोय असते. हीटर पूर्ण थंड होऊ द्या, दारं-खिडक्या लावा आणि दहा मिनिटं फक्त पंखा चालवा. ज्योत नाही, म्हणजे धूर नाही. तरीही वास आला, तर कच्चं डिझेल हीटरजवळ किंवा त्याच्या हवा ओढण्याच्या तोंडाजवळ आहे. हे तोंड गाडीच्या मागच्या सामानकप्प्यात असेल, तर आधी तिथला डिझेलचा कॅन, भरताना वापरलेले हातमोजे आणि पंपावर घातलेले बूट बाहेर ठेवून पुन्हा वास घ्या. हे वगळून कुणी अख्खा हीटर खोलू नये.

कॅन निघाला आणि वास राहिला, तर इंधनाची नळी तपासायची. इथे वेळ द्या, कारण गळती बहुधा इथेच सापडते.

[दृश्य: जवळून. पांढऱ्या नळीचा सांधा, त्यावर दोन छोट्या क्लिपा.]

टाकीपासून ठोक्याठोक्याने डिझेल ढकलणाऱ्या छोट्या पंपापर्यंत आणि पंपापासून हीटरपर्यंत जाते ती कडक नायलॉनची बारीक नळी, आतून दीड ते दोन मिलिमीटर. सांध्यावर डिझेल सोसणाऱ्या रबराचा छोटा तुकडा चढवतात. नळीची दोन्ही टोकं त्या रबराच्या आत एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये फट राहिली की तिथे हवेचा बुडबुडा साठतो. नळी पकडीने तोडली तर तिचं टोक चेपतं, म्हणून धारदार पात्याने सरळ कापायची. स्क्रूने आवळायची मोठी पट्टीची क्लिप इतक्या बारीक रबरावर गोल बसत नाही, एका बाजूला पन्हळ राहते आणि तिथून डिझेल पाझरतं. नट-बोल्टची छोटी इंधन क्लिप घ्या. स्वस्त किटमध्ये येणारी मऊ, पारदर्शक किंवा हिरवी नळी तर बदलूनच टाका. ती कालांतराने टणक होते आणि सांध्यापाशी सैल पडते. आणि राहत्या जागेत एकही सांधा नको. पंप, फिल्टर, सगळे जोड गाडीखाली.

गळतीत एक फसवी गोष्ट आहे. पंपानंतरचा सांधा सैल असेल तर हीटर चालू असताना डिझेल बाहेर येतं. पंपाआधीचा सैल असेल तर चालू असताना तो उलट हवा आत ओढतो: पंपाचा ठोका जास्त खणखणीत वाजतो, ज्योत अडखळते, पण सांधा कोरडाच दिसतो. हीटर बंद झाल्यावर, टाकीतली पातळी त्या सांध्यापेक्षा वर असेल तर, तोच सांधा ठिबकायला लागतो. म्हणून सकाळी वास आणि संध्याकाळी काहीच नाही, असा प्रकार असेल तर पंपाआधीचे सांधे बघा.

तपासायचं असं. प्रत्येक सांधा पुसून कोरडा करा, त्याभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून दोऱ्याने बांधा. हीटर अर्धा तास चालवा, मग रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कोणता कागद पिवळसर ओला झालाय ते दिसेल. जिथे कागद बांधता येत नाही तिथे टाल्कम पावडर भुरभुरा. डिझेल लागलं की ती काळवंडते. प्लास्टिकच्या फिल्टरची तोटी जिथे देहाला जोडलेली असते तिथे टॉर्च मारून बारीक चीर शोधा.

टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर नळीचा नाद सोडा आणि टाकीच्या माथ्याकडे जा. हीटरसाठी डिझेल ओढणारी उभी नळी तिथूनच आत उतरते. तिच्या बुडाचं सील खराब असलं तरी टाकी अर्धी असताना काही कळत नाही. भरल्यावर, वळणावर डिझेल हिंदकळलं की बाहेर येतं. बऱ्याच गाड्यांत हे पाहायला टाकी खाली उतरवावी लागते, तेव्हा ती रिकामी व्हायची वाट पाहा.

[दृश्य: गाडीखाली. एक्झॉस्टचा पाइप, सायलेन्सर, गाडीच्या फरशीतली वायुछिद्रं.]

नुसत्या पंख्यात वास नाही आणि ज्योत पेटल्यावरच येतो, तर आता धुरामागे. गाडी अशी उभी करा की वारा धूर लांब नेईल, आणि गरम हवेच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइडचं मीटर धरा. आकडा शून्यावर राहिला आणि वासही गेला, तर धूर बाहेरून येत होता. एक्झॉस्टचं तोंड खिडकीखाली आहे का, की गाडीच्या पोटाखाली मधेच संपतं? तिथे साठलेला धूर गाडीच्या फरशीतल्या वायुछिद्रांतून वर चढतो. ही छिद्रं स्वयंपाकाचा गॅस गळला तर तो खाली निघून जावा म्हणून ठेवलेली असतात. ती बुजवायची नाहीत, कधीच नाहीत. पाइपच गाडीच्या कडेपर्यंत न्यायचा.

वारा अनुकूल असूनही आकडा चढला, तर हीटर बंद करा आणि त्याच्या बुडाकडे बघा. हीटर आणि गाडीची फरशी यांच्यामध्ये गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी दाबपट्टी, असतं. व्हॅनच्या पत्र्याला पन्हळ्या असतात. त्यावर हीटर थेट बसवला की गॅस्केट नीट दबत नाही, खालचा धूर सीटच्या पेटीत येतो आणि पंखा तो खोलीभर फिरवतो. मध्ये सपाट पत्रा हवा, आणि हीटर उचलला की प्रत्येक वेळी नवं गॅस्केट. सायलेन्सर पूर्ण हवाबंद नसतो, पाणी जायला त्याला बारीक भोकही असतं, म्हणून त्याची जागा गाडीबाहेर. एवढं सगळं ठीक असूनही मीटर चढत असेल तर बर्नरच्या आतलं सील किंवा ज्वलनकक्षाचं अ‍ॅल्युमिनियम गेलं आहे. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

सुरू करतानाच पांढरा धूर आणि वास? पहिल्या मिनिटाचा फुगारा चालतो. पण हीटर पेटतच नसेल तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात डिझेल बर्नरमध्ये साठतं. पुन्हा पुन्हा रीसेट करू नका. ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापकांडी) तापताना साधारण ८ ते १० अ‍ॅम्पिअर ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज बॅटरीवर मोजून उपयोग नाही, हीटरला वीज येते त्या जोडावर मोजा. बॅटरीवर १२.६ आणि हीटरवर १०.५ असेल तर दोष बारीक वायरीचा किंवा फ्यूजच्या खोबणीचा. मेन स्विचने हीटर तोडू नका. बंद केल्यावर तीन-चार मिनिटं तो उरलेलं डिझेल जाळून थंड होत असतो.

पंप जास्त डिझेल देतोय का, हेही पाहता येतं. एका ठोक्याला ०.०२२ मिलिलिटर देणाऱ्या पंपाने २०० ठोक्यांत ४.४ मिलिलिटर द्यायला हवं. हीटरकडची नळी काढून इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये मोजा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

उंचीवर हवाच विरळ. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून काजळी आणि धूर. पुण्या-मुंबईहून व्हॅन बांधून लडाखला नेणाऱ्यांनी उंचीनुसार डिझेल कमी करता येणारा हीटरच घ्यावा. तिथल्या थंडीत साधं डिझेल गोठून नळी तुंबते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी.

[दृश्य: ओला झालेला फोम पिशवीत भरताना.]

दोष सापडला, सांधा बदलला, तरी वास लगेच जाणार नाही. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. भिजलेला फोम आणि कार्पेट काढून टाका, ते धुऊन वाचत नाहीत. प्लायवूडवर मांजराच्या शौचासाठी मिळणारी वाळू एक रात्र पसरून ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने दोन-तीनदा पुसा. सुगंधी फवारा मारू नका. पुढची गळती त्यात लपून जाईल. शेवटी हीटर पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालवा, नवे टिश्यू बांधा, आणि दोन दिवसांनी ते उलगडून बघा.