टाळूतली चावी

श्रोतेहो, नमस्कार.

दात वेडेवाकडे असले की क्लिपा लावायच्या, इतकं हल्ली प्रत्येक घरात माहीत आहे. त्यामुळे क्लिपांवर मी फार वेळ घालवत नाही, आजचा खरा विषय आहे टाळू रुंद करणारी चावी. दातावर चिकटवतात तो लहानसा चौकोन म्हणजे ब्रॅकेट, त्याच्या खाचेतून जाते ती तार. तार हलका जोर लावत राहते. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असा पडदा असतो. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिकडचं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं हाड भरतं. ही क्रिया शरीर आपल्या गतीने करतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवला म्हणून गती वाढत नाही. पुन्हा सांगते, जोर वाढवला म्हणून गती वाढत नाही, उलट दात अडून बसतो, मुळाला इजाही होऊ शकते. हे दोनदा सांगायचं कारण असं, की तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दवाखान्यात मुलींच्या आया येतात. लग्न फेब्रुवारीत, तोवर दात सरळ करून द्या. मुलाचे दात कसे आहेत हे विचारायला मात्र कुणी येत नाही. असो.

खाण्याचं म्हणाल तर पोहे, खिचडी, वरणभात, सगळं चालतं. जाड लौंग सेव, सराफा बाजारातले तळलेले गराडू कंद, कणीस दातांनी तोडून खाणं, अख्खा पेरू, हे क्लिपा असेपर्यंत बंद. इंदुरात हे सांगणं म्हणजे शिक्षाच आहे, मला कल्पना आहे. आमच्याकडे पोह्यांवर सेव, चाटवर सेव, काही घरांत वरणावरसुद्धा सेव. आपण मराठी माणसं तीन-चार पिढ्या इथे राहिलो आणि साध्या फोडणीच्या पोह्यांची चव विसरलो, असं माझं मत आहे. ते पटलं नाही तर सोडून द्या.

आता चावीबद्दल. काही मुलांचा वरचा जबडाच अरुंद असतो. अंगठा चोखायची सवय, कायम चोंदलेलं नाक, किंवा नुसती घराण्याची ठेवण. तोंड मिटलं की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर यायच्या, त्या आतच जातात. मग मूल जबडा एका अंगाला सरकवून चावतं आणि हनुवटी तिरकी दिसू लागते. अशा वेळी नुसते दात हलवून भागत नाही, टाळूच रुंद करावी लागते. ती होते, कारण टाळूचं हाड एकसंध नसतं. डावी-उजवी दोन हाडं मधोमध सांधलेली असतात आणि लहानपणी तो सांधा कच्चा असतो. आम्ही दाढांना कड्या बसवतो, त्यांना जोडलेल्या दांड्या टाळूच्या मध्यावर एका स्क्रूला मिळतात. त्या स्क्रूला बारीक भोकं असतात. भोकात चावी घालायची, पुढून मागे घशाकडे ढकलायची, पुढचं भोक दिसलं की झालं. एका वेळी पाव वळसा, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आणि ही चावी डॉक्टर फिरवत नाही. ती घरी फिरवायची असते.

आता आजींची गोष्ट. लोकमान्य नगरातल्या एका आजी. नातू नऊ वर्षांचा, आई बँकेत, वडील फिरतीवर. त्यामुळे चावी आजींकडे आली. मी आईला आणि आजींना समोर बसवून सगळं दाखवलं. चावीला दोरा बांधून दिला, घशात जाऊ नये म्हणून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि हेही सांगितलं, की आठवडाभरात पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडेल, घाबरू नका. आजींनी मान डोलावली.

आजींची शिस्त बघण्यासारखी होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, शुभंकरोती झाली, की नातवानं सतरंजीवर उताणं पडायचं, नातीनं बॅटरी धरायची आणि आजींनी चावी फिरवायची. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याच्या खुणा असतात त्याच चौकोनात, चावीची खूण. हल्ली पालक मोबाईलवर आठवण लावतात. ती वाजते, बंद होते आणि चावी तशीच राहते. भिंतीवरचा रिकामा चौकोन घरातल्या चौघांना दिसतो. कॅलेंडर घराबाहेर गेलं तेव्हापासून आपल्या औषधांच्या वेळा बिघडल्या, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

तर, आठवडा उलटला आणि फट पडली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, दात जवळ आणायला पैसे भरलेत की लांब करायला?" झालं! आजींनी चावी बंद केली. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरची गुंडाळी काखेत आणि नातू हाताशी, अशा दवाखान्यात हजर. बाकावर चारजण बसलेले, त्यांच्यासमोरच सुरुवात.

"डॉक्टरीणबाई, हे बघा. एक खाडा नाही माझा. मग हे भगदाड कसं?"

मी म्हटलं, "आजी, मी सांगितलं होतं फट पडेल."

"सांगितलं होतंत, नाही म्हणत नाही. पण कानांनी ऐकणं वेगळं आणि पोराच्या तोंडात बघणं वेगळं."

याला काय उत्तर देणार? मी एक्स-रे काढला. टाळूच्या मधोमध काळी उभी रेघ, पुढे रुंद, मागे निमुळती. आजींनी चष्मा लावला, फिल्म खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे शिवण उसवलीत. पोर वाढलं की झबलं उसवून सैल करतात, तसं."

इतकी वर्षं मी पालकांना चित्रं काढून समजावत होते! आणि आजी तिथे थांबल्या नाहीत. लगेच पुढचा प्रश्न, "उसवलं ते कळलं. पण मध्ये भरणार काय? आणि भरेपर्यंत पुन्हा आवळलं तर?"

श्रोतेहो, या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच. मध्ये नवं हाड भरतं आणि त्याला महिने लागतात. चावी फिरवायचं काम दोन-तीन आठवड्यांत संपतं, पण उपकरण पुढे चार-सहा महिने तोंडात तसंच ठेवतात. काहीच फिरत नाही, काहीच होत नाही असं वाटतं, आणि लोक म्हणतात, आता काढून टाका. नाही. तेव्हाच हाड भरत असतं. घाईनं काढलं तर टाळू पुन्हा आवळते.

आजींना मी एंजेल नावाच्या डॉक्टरांबद्दलही सांगितलं. हे इमर्सन एंजेल अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला होते. त्यांनी 1860 साली चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत असाच स्क्रू बसवला आणि चावी तिच्याच हातात दिली. दोन आठवड्यांत फट पडली. एंजेल म्हणाले, जबड्याची दोन हाडं वेगळी झाली आहेत. बाकीच्यांचा विश्वास बसेना. एक्स-रेचा शोध लागायला 1895 उजाडायचं होतं, त्यामुळे त्यांच्यापाशी पुरावा एकच, ती फट. पद्धत मागे पडली ती जवळपास शंभर वर्षं. 1961 मध्ये डॉ. अँड्र्यू हास यांनी आपले रुग्ण एक्स-रेसकट मांडले, तेव्हा ती पुन्हा रुळली. आजी ऐकून म्हणाल्या, "त्यांच्याही शेजारी कुणीतरी बाई असणार."

चावी पुन्हा सुरू झाली. आणि मग आजींना सर्वांत नवल वाटलं ते पुढचंच. चावीचं काम संपल्यावर ती फट आपोआप मिटत गेली, क्लिपा न लावता. हिरडीतले तंतू एका दाताकडून दुसऱ्या दाताकडे जातात, ते ताणले गेलेले असतात आणि दातांना परत जवळ ओढतात. शेजारच्या बाईंना ती मिटलेली फट दाखवायला आजी नातवाला मुद्दाम घेऊन गेल्या, हे मला नातवानं सांगितलं.

तेव्हा चावीवाल्या घरांसाठी पुन्हा एकदा. फट पडली तर चावी थांबवू नका. फट पडली तर चावी थांबवू नका. दहा-बारा दिवस नेमानं फिरवूनही फट दिसली नाही, तर मात्र डॉक्टरांना कळवा. एखादा पाव वळसा राहिला तर दुसऱ्या दिवशी मनानं जास्तीचा फिरवू नका, विचारून घ्या. चावी फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, तो काही मिनिटांत ओसरतो. बोलणं थोडं बोबडं होतं, लाळ सुटते, तेही आठवड्याभरात सुधारतं. जेवण झाल्यावर स्क्रूच्या आजूबाजूला ब्रश फिरवायचा, शिताचे कण तिथे हमखास अडकतात.

हे सगळं वाढत्या वयातच सोपं. पंधरा-सोळाच्या पुढे तो सांधा घट्ट होत जातो, मग हाडात बसवायचे बारीक स्क्रू किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून सातव्या वर्षी मुलाचं तोंड एकदा ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडून, बघून घ्या, दात सरळ दिसत असले तरी. तेव्हाच सहाव्या वर्षी आलेली पहिली कायमची दाढही तपासून होते. ती कुठलाही दुधाचा दात न पडता सर्वांत मागे उगवते, म्हणून घरोघरी ती दुधाचीच समजतात आणि किडली तरी म्हणतात, पडणारच आहे. ती पडून पुन्हा येत नाही.

क्लिपा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रात्री लावायच्या रिटेनरबद्दल बोलायचं राहिलं, पण समोरचं घड्याळ खूण करतंय. नमस्कार.