पाणी शिरलं, पण कसं?

श्रोतेहो, नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण नागपूरकर विसरणार नाही. रात्रभर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांमध्ये आली. त्यानंतर काही दिवसांनी मी नववीच्या वर्गाला इंग्रजी निबंध दिला होता. एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. तिचं एकच वाक्य अडलं होतं, ‘पाणी घरात शिरलं’. शब्दकोशात तिला ‘एंटर’ सापडला होता आणि तो तिला पटत नव्हता. म्हणाली, “मॅडम, एंटर तर पाहुणे पण करतात ना! आम्ही झोपून होतो. दाराच्या खालून आलं ते, आवाजच नाही. आईनं खाली पाय ठेवला तेव्हा समजलं.”

मी तिला ‘क्रीप’ दिला. द वॉटर क्रेप्ट इन. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि लिहून घेतलं.

ती अडली होती ते दोन भाषांच्या वेगळ्या घडणीमुळे. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाट सांगतं: शिरला, निघाला, चढला, उतरला. कसा, ते आपण त्याच्या आधी जोडतो: दबकत शिरला, चोरपावलांनी निघाला, रमतगमत आला. इंग्रजी उलटं करते. तिथे ‘कसं’ हे क्रियापदाच्याच पोटात असतं आणि आत की बाहेर, हे मागचा इन किंवा आउट सांगतो. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं याच फरकावरून जगातल्या भाषांचे गट मांडले. मुलांना मात्र आपण याद्या पाठ करायला लावतो, क्रीप म्हणजे सरपटणे, क्रॉल म्हणजेही सरपटणे. मग त्यांनी निवडायचं कशावरून?

मी मुलांना विचारते, चालणारा कोणापासून लपतोय का? बाळ रांगतं, तो क्रॉल. ते कोणापासूनच लपत नाही. संध्याकाळी सीताबर्डीला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तोही क्रॉल. क्रीपमध्ये मात्र कोणाच्या लक्षात न येणं आहे. भिंतीवरचा वेल, दिवाळीनंतरची थंडी, महागाई, या सगळ्या गोष्टी क्रीप करतात. पोळी पळवलेलं कुत्रं अंग चोरून, शेपूट पायांत घालून भिंतीकडेनं जातं, ते स्लिंक. लपणं तिथेही आहे, पण त्यात अपराधीपणा मिसळलाय. चोरून सटकणं म्हणजे स्नीक, आणि मुलांच्या पायातले स्नीकर त्यावरूनच आले. रबरी तळव्यांचा आवाज होत नाही म्हणून अमेरिकेत त्या बुटांना हे नाव पडलं. हे सांगितलं की अख्खा वर्ग खाली वाकून आपापले पाय बघतो!

आपल्या विदर्भात एक जोडी समजावणं सोपं जातं, कारण पेंच आणि ताडोबा जवळ आहेत. रात्री वाघ भक्ष्य शोधत आपल्या हद्दीत फिरतो, ते प्राउल. अजून त्याच्यासमोर कोणी नाही. चितळ दिसलं, वाघानं अंग जमिनीसरशी केलं, एकेक पाऊल मोजून टाकायला लागला की तो स्टॉक. लिहिताना त्यात एल आहे, बोलताना नाही. आपण म्हणतो ते दबा धरून बसणं वेगळं, कारण त्यात वाघ हलत नाही. मुलींच्या वर्गात मी इथे जरा जास्त थांबते. २०१३ साली फौजदारी कायद्यात बदल झाला आणि स्टॉकिंग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. एखादी बाई इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हेसुद्धा त्यात येतं. ‘पाठलाग’ म्हटलं की धावणारी पावलं ऐकू येतात. स्टॉकमध्ये ती ऐकूच येत नाहीत, आणि धोका तिथेच आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. माझ्या आईला कमरेवर पुरळ उठलं. डॉक्टरांनी कागदावर हर्पिस झोस्टर लिहिलं, शेजारच्या काकू म्हणाल्या, नागीण आहे. घरी येऊन मी शब्दकोश उघडला. ग्रीकमध्ये ‘हेर्पेइन’ म्हणजे सरपटणं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. हेर्पेइनचं लॅटिन भावंड ‘सेर्पेरे’, त्यावरून इंग्रजीतला सर्पंट. आणि संस्कृतात सृप् धातू, त्यावरून सर्प. तिन्ही एकाच मुळाचे! कातडीवर सरकत जाणारा तो पट्टा पाहून ग्रीकांना जे सुचलं, तेच माझ्या शेजारच्या काकूंना ठाऊक होतं. हेही सांगायला हवं, की नागिणीनं कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस जातो ही समजूत खोटी आहे. हा कांजिण्यांचाच विषाणू, शरीरात वर्षानुवर्षं दडून बसलेला. पुरळ सहसा अंगाच्या एकाच बाजूला येतं. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर चांगलं, म्हणून झाडपाल्याच्या लेपात दिवस घालवू नका.

आणि नदी. तुर्कस्तानात एक नदी आहे, प्राचीन ग्रीक तिला मायान्द्रोस म्हणत. सपाट मुलखातून ती इतकी वळणं घेत जाते की तिच्या नावाचंच इंग्रजीत क्रियापद झालं, मिअँडर. नदी अशी का वळते? वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा वेग जास्त, तिथला काठ खचतो. आतल्या अंगाला वेग मंदावतो, तिथे गाळ साचतो. त्यामुळे वळण दरवर्षी आणखी वाकतं. मराठीत याला आपण नागमोडी म्हणतो. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली आपली नदी तशी वळत गेली म्हणून तिला नाग म्हणतात, असं सांगतात, आणि गावालाही तिचंच नाव मिळालं. तिकडे नदीच्या वळणानं क्रियापद दिलं, इकडे शहराचं नाव! आज मात्र ती गावातून मोठ्या लांबीपर्यंत भिंतींमधून वाहते. मिअँडर शिकवताना मुलांना दाखवायला वळण शोधावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या मुलीचा निबंध पुढे अजून एका ठिकाणी अडला. ‘सकाळी पाणी ओसरलं.’ मी ‘रिसीड’ सांगितला. तिनं तो लिहिला, मग थोडा वेळ पेन हातात धरून बसली. म्हणाली, “मॅडम, याच्यात मागे राहिलेला गाळ दिसत नाही.” मलाही दुसरा शब्द सुचला नाही. तिनं रिसीडच्या पुढे एक नवं वाक्य जोडलं, गाळाचं, आणि वही माझ्याकडे दिली.

नमस्कार.