कागदाच्या घडीतलं प्रथिन

श्रोतेहो, नमस्कार.

ओला केस कधी हळूच ओढून पाहिलाय? कोरड्या केसापेक्षा तो बराच जास्त ताणला जातो, आणि सोडला की मुकाट्याने आपल्या लांबीवर येतो. ते का, हे आज बघू. केस म्हणजे केराटिन, केराटिन हे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आता केसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, टाळूबाहेर आलेला केस मृत असतो. त्याला वरून काहीतरी चोळून 'पोषण' मिळतं असं सांगणारी जाहिरात लागली की मी आवाज बारीक करतो. असो.

अमिनो आम्लाच्या मधोमध एक कार्बन, आणि त्याला चार हात. एका हातात अमिनो गट, दुसऱ्यात आम्लाचा म्हणजे कार्बोक्सिल गट, तिसऱ्यात साधा हायड्रोजन. चौथ्या हातात काय आहे, त्यावर आम्लाचं नाव ठरतं. तिथेही हायड्रोजनच असेल तर ग्लायसिन, मिथाइल गट असेल तर अ‍ॅलॅनिन, गंधकवाला गट असेल तर सिस्टीन. प्रथिनं बांधायला अशी मुख्य २० आम्लं लागतात. मुलांकडून ती वीस नावं घोकून घेतात, ते मला अजिबात पटत नाही. चौथा हात कळला की निम्मं काम झालं.

एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तयार होतो पेप्टाइड बंध. आता नीट ऐका. हा बंध दिसतो एकेरी, पण असतो अर्धवट दुहेरी, म्हणून तो फिरत नाही. त्याच्याभोवतीचे अणू एका सपाट पातळीत राहतात. पुन्हा सांगतो, पेप्टाइड बंध फिरत नाही. साखळी वळते ती मधल्या कार्बनपाशी. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात केस आणि लोकर यांचे क्ष-किरणांनी फोटो काढले होते. त्यात ५.१ अँगस्ट्रॉमवर एक खूण दिसायची, म्हणजे साखळीत काहीतरी दर ५.१ अँगस्ट्रॉमला पुन्हापुन्हा येत होतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३७ च्या उन्हाळ्यात या आकड्यात बसेल अशी घडी शोधायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सोडून दिलं.

मग आलं १९४८. पॉलिंग ऑक्सफर्डला पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले आणि सर्दीने अंथरुणाला खिळले. पहिला दिवस रहस्यकथा वाचण्यात गेला. (आजारपणात रहस्यकथाच वाचाव्यात, गंभीर पुस्तकांनी ताप वाढतो, हे माझं ठाम मत!) मग त्यांचाही कंटाळा आला. त्यांनी बायकोकडे कागद, पेन्सिल आणि पट्टी मागितली. कागदावर साखळी काढली, सपाट बंध सपाटच ठेवले, आणि कागद फक्त मधल्या कार्बनपाशी दुमडत गेले. दुमडता दुमडता कागदाची गुंडाळी झाली, स्प्रिंगसारखी. एका वेढ्यातला ऑक्सिजन आणि पुढच्या वेढ्यातल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन बरोब्बर समोरासमोर आले. हायड्रोजन बंध, म्हणजे त्या दोघांमधली हलकी ओढ, जुळले! हीच ती अल्फा हेलिक्स.

पण वेढ्याची उंची भरली ५.४ अँगस्ट्रॉम, आणि फोटो म्हणत होता ५.१. पॉलिंग गप्प बसले. गंमत बघा, हाच माणूस पुढे सर्दीवर क जीवनसत्त्वाचे मोठाले डोस घ्या म्हणून जगभर सांगत सुटला, आणि तिथे मात्र पुराव्यासाठी थांबला नाही.

इकडे केंब्रिजमध्ये ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ हे शास्त्रज्ञ याच कोड्याच्या मागे होते. १९५० मध्ये त्यांनी बऱ्याच रचना छापल्या आणि एकही बरोबर नव्हती. त्यांनी पेप्टाइड बंध फिरू दिला होता. शिवाय प्रत्येक वेढ्यात आम्लं पूर्णांकातच असणार असं धरलं होतं. अल्फा हेलिक्समध्ये ती असतात सुमारे ३.६!

१९५१ मध्ये पॉलिंग आणि त्यांचे सहकारी कोरी व ब्रॅन्सन यांचा अल्फा हेलिक्सवरचा लेख आला. एका शनिवारी सकाळी पेरुट्झ यांनी तो वाचला आणि स्वतःवरच चडफडले. मग त्यांच्या लक्षात आलं, ५.४ ला ३.६ ने भागलं तर १.५, म्हणजे एकेका आम्लामागची उंची. हेलिक्स खरी असेल तर फोटोत १.५ अँगस्ट्रॉमवर एक खूण हवी, आणि ती आजवर कुणी पाहिली नव्हती, कारण त्या कोनात कुणी फोटोच काढला नव्हता. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी घोड्याचा केस तिरका लावला, फोटो काढला. खूण होती. सोमवारी ब्रॅगना दाखवली. हे सुचलं कसं, असं त्यांनी विचारल्यावर पेरुट्झ म्हणाले, रागातून. यावर ब्रॅग म्हणाले, मग तुम्हाला आधीच चिडवायला हवं होतं.

५.१ चा घोळ नंतर सुटला. केसात हेलिक्स एकट्या नसतात, दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, आणि त्या पिळामुळे माप थोडं आखूड भरतं.

अरेच्चा, घड्याळ पुढे गेलं. बीटा रचना, म्हणजे प्रथिनाची दुसरी घडी, राहिलीच, पुन्हा कधीतरी. तेवढं ओल्या केसाचं सांगतो. पाणी शिरलं की हायड्रोजन बंध सैल होतात आणि ओढल्यावर स्प्रिंग उलगडते. पण सिस्टीनच्या गंधकांनी शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधलेले असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून केस सोडला की ते त्याला परत ओढून आणतात. नमस्कार.