फागेर्स्ताची पाच पोरं : द हाइव्ह्ज

हे बघा. गाणं फुल स्पीडमध्ये चालू आहे, गिटार कानात घुसतेय, समोर पब्लिक उड्या मारतंय, आणि मध्येच एका ठोक्यावर पाचही जण थिजले! ड्रमरची स्टिक हवेत, गिटारवाल्याचा हात वर, गायक एक पाय पुढे टाकून तसाच. कुणी पापणी हलवत नाही. पब्लिक आधी ओरडतं, मग थोडं गोंधळतं, मग अजून जोरात ओरडतं, आणि ती स्टिक खाली आली की सगळं परत जिथल्या तिथे सुरू. बास, मी तर तेव्हाच या बँडच्या प्रेमात पडलो.

बँडचं नाव द हाइव्ह्ज. गाव फागेर्स्ता, स्वीडन.

फागेर्स्ता म्हणजे स्टॉकहोमच्या वायव्येला असलेलं एक छोटं गाव, दहा-बारा हजार वस्ती, आणि गाव वाढलं तेच पोलादाच्या कारखान्यावर. आपल्याकडे पुणे-नगर रोडला सेको टूल्स नावाची कंपनी आहे बघा, सीएनसी मशीनवर काम करणाऱ्यांना त्यांचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापायच्या छोट्या पात्या, माहीत असतील, तर त्या सेकोचं मूळ घर हेच फागेर्स्ता. म्हणजे पोलाद, शिफ्ट, लांबलचक हिवाळा, आणि संध्याकाळी पोरांनी करायचं काय हा प्रश्न. या पोरांनी 1993 मध्ये बँड काढला. गायक पेले आल्मक्विस्ट तेव्हा पंधरा वर्षांचा, त्याचा मोठा भाऊ निकलास गिटारवर, आणि बाकीचे तिघं गावातलेच.

पुढे सगळ्यांनी स्टेजची नावं घेतली. पेले झाला हाउलिन पेले, भाऊ झाला निकोलस आर्सन, दुसरा गिटारवाला व्हिजिलांटे कार्लस्ट्रॉम, बेसवर डॉ. मॅट डिस्ट्रक्शन, ड्रमवर ख्रिस डेंजरस. आणि सहावा एक माणूस, जो कधी कुणाला दिसलाच नाही, रँडी फिट्झसिमन्स. बँड सांगतो की रँडीने पाचही जणांना वेगवेगळी पत्रं पाठवली, बोलावून घेतलं, बँड काढायला लावला, आणि गाणी सगळी तोच लिहितो. आल्बमवर गीतकार म्हणून त्याचंच नाव असतं. ब्रिटनच्या एनएमई मासिकाने शोधून काढलं की हे नाव निकलासच्याच नावावर नोंदवलेलं आहे, पण बँडने ते आजतागायत मान्य केलेलं नाही. मला विचाराल तर त्यांनी कधी करूही नये, कारण पाच मित्रांच्या बँडमध्ये 'हे गाणं कुणाचं' यावरून जी भांडणं होतात ना, ती या एका नावाने मुळातच संपवली.

हे लोक वाजवतात ते गॅरेज रॉक, तर ते म्हणजे काय ते थोडक्यात. साठच्या दशकात अमेरिकेत शाळकरी पोरं घरच्या गॅरेजमध्ये स्वस्तातले ॲम्प लावून जे वाजवायची ते. तीन कॉर्ड, फाटका आवाज, आणि जीव तोडून किंचाळणं. हाइव्ह्जनी ते उचललं, त्यात पंकचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर, झटपट रॉकचा वेग घातला, आणि वर काळे-पांढरे सूट चढवले. रॉकवाले फाटक्या जीन्समध्ये फिरत होते त्या काळात हे पाच जण वरातीला निघाल्यासारखे टापटीप!

पहिला आल्बम 'बेअरली लीगल' 1997 मध्ये आला, बर्निंग हार्ट या स्वीडिश पंक लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून. मग 2000 मध्ये 'वेनी विदी व्हिशस'. बारा गाणी, आणि सगळा आल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, कुठे म्हणून पाणी घातलेलं नाही. त्यातलंच 'हेट टू से आय टोल्ड यू सो'. हे गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला एकटी गिटार येते, तोच तोच छोटा तुकडा घासत राहते, मग सगळे एकदम तुटून पडतात. आणि मधे सगळं गप्प होऊन फक्त बेस उरतो, एकटाच, घरघरत, दोन-चार सेकंद वाटतं की संपलं की काय, आणि मग पेलेची किंकाळी. नवीन असं त्यात काहीच नाही, तरी अंगावर काटा येतो, कारण एकेक सूर कुठे थांबायचा हे त्यांनी घासून घासून ठरवलेलं आहे.

पण गंमत बघा, आल्बम आला आणि जगाला पत्ताच नाही. ॲलन मॅगी, म्हणजे ओएसिस या गाजलेल्या ब्रिटिश बँडला साइन करणारा माणूस, त्याने या गाण्याचा व्हिडिओ जर्मन टीव्हीवर पाहिला आणि त्यांना आपल्या पॉपटोन्स लेबलवर घेतलं. 2001 मध्ये जुनीच गाणी एकत्र करून 'युवर न्यू फेव्हरिट बँड' निघाला आणि तो ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेला. त्याच सुमाराला स्ट्रोक्स, व्हाइट स्ट्राइप्स, व्हाइन्स हे असंच वाजवणारे बँड पुढे आले आणि मासिकांनी सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं. 2002 च्या एमटीव्ही पुरस्कारांमध्ये तर हाइव्ह्ज आणि व्हाइन्सना एकामागोमाग स्टेजवर आणून जुगलबंदीच लावली. हाइव्ह्ज तोपर्यंत नऊ वर्षं वाजवत होते, त्यामुळे त्यांना त्या लाटेतले नवखे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मग मोठी रेकॉर्ड कंपनी, 2004 चा 'टायरॅनोसॉरस हाइव्ह्ज', 2007 चा 'ब्लॅक अँड व्हाइट आल्बम' ज्यात अमेरिकन गायक-निर्माता फॅरेल विल्यम्सने पण काम केलं. 2012 ला 'लेक्स हाइव्ह्ज' स्वतःच्याच लेबलवर काढला.

आणि मग 2013, वाईट वर्ष. मालमो शहरातला टँबरिन स्टुडिओ त्यांचा हिशोब सांभाळायचा, आणि द कार्डिगन्स या दुसऱ्या स्वीडिश बँडचाही. पैसे इकडून तिकडे झाले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने सांगितलं की हाइव्ह्जनी कार्डिगन्सना सुमारे 1 कोटी 85 लाख क्रोनर (स्वीडनचं चलन) द्यायचे. बँडचं म्हणणं होतं की असं कुठलं कर्ज आम्ही घेतलंच नव्हतं. त्याच वर्षी डॉ. मॅट डिस्ट्रक्शन तब्येतीमुळे बाहेर पडला, आणि द जोहान अँड ओन्ली नावाचा नवा बेसवाला आला.

पुढची दहा वर्षं नवा आल्बम नाही. दुसरा कुठला बँड असता तर लोक विसरून गेले असते, पण हे लोक वाजवत राहिले, फेस्टिव्हल, छोटे हॉल, मिळेल तिथे. स्टेजवर सामान हलवणारे पण निन्जाच्या काळ्या कपड्यात, म्हणजे बघा किती मन लावून करतात.

2023 मध्ये ते आर्क्टिक मंकीज या मोठ्या ब्रिटिश बँडच्या आधी ब्रिटनच्या स्टेडियममध्ये वाजवत होते, आणि ऑगस्टमध्ये आल्बम आला, 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स'. बँडची गोष्ट अशी की रँडीच्या निधनाची बातमी वाचली, जाऊन कबर खणली, तर आत माणूस नाहीच, नुसत्या गाण्यांच्या टेप आणि नवे सूट. आता चाळिशी पार केलेली माणसं ही, पण गोष्ट सांगतात ती अगदी पंधराव्या वर्षीच्या विश्वासाने, आणि मला तेच फार आवडतं.

त्यानंतर मात्र तेवढी वर्षं थांबले नाहीत. दोन वर्षांत, ऑगस्ट 2025 मध्ये, पुढचा आल्बम आला, 'द हाइव्ह्ज फॉरएव्हर फॉरएव्हर द हाइव्ह्ज'. दोघे भाऊ, कार्लस्ट्रॉम आणि ख्रिस, पहिल्या पाचातले चौघं अजून त्याच स्टेजवर आहेत. आता आवाज वाढवा, ड्रमरची स्टिक परत वर गेलीये.